कुलाब्याच्या बंगल्यातलं उन्हाचं इंजिन

लोकलच्या दारात उभं राहून ऐकत असाल, तर तोंडावर येणाऱ्या त्या उन्हाकडे जरा बघा. आजची गोष्ट त्याचीच आहे.

१८७०च्या दशकातली मुंबई. गिरण्यांची धुरांडी वाढतायत, आणि त्यांच्यासाठी कोळसा येतोय बोटीनं, थेट इंग्लंडहून. डोक्यावर एवढं ऊन असताना! हे विल्यम ॲडम्स नावाच्या साहेबाला खटकलं. हा माणूस इंजिनिअर नव्हता बरं का, मुंबई हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार होता.

तिकडे फ्रान्समध्ये ऑगस्टिन मूशो शंकूसारख्या आरशानं पाणी उकळून वाफ करत होता. ॲडम्सला ते पटलं, पण तसा वाकवलेला आरसा मोठा करत नेणं कठीण आणि महाग. मग त्यानं काय केलं? साधे सपाट आरसे घेतले, सतरा बाय दहा इंचांचे, बहात्तर. एका चौकटीत बसवले आणि सगळ्यांचा कवडसा एकाच जागी पाडला. लाकूड पेटलं! पुढे बॉयलर जोडला, आणि मिडल कुलाब्यातल्या त्याच्या बंगल्याच्या आवारात अडीच हॉर्सपॉवरचं वाफेचं इंजिन उन्हावर चालू लागलं. पंधरा दिवस, लोकांना बोलावून दाखवलं. शिवाय एक सूर्यचूलही केली. जानेवारीत, म्हणजे आपल्या थंडीत, तिच्यावर सात सैनिकांचं जेवण दोन तासांत शिजलं.

१८७८ मध्ये त्याचं ‘सोलर हीट’ हे पुस्तक आलं. सॅसून इन्स्टिट्यूटचं सुवर्णपदक मिळालं. आणि पुढे? काहीच नाही. सूर्य सरकला की चौकट सरकवायला माणूस हवा. रात्री आणि पावसाळ्यात इंजिन गप्प. गिरणीला लागायची शेकडो हॉर्सपॉवर, तेवढे आरसे मांडायला मैदानं कुठून आणायची? मला विचाराल तर खरी मेख जागेची होती.

आता पॅनलला बॉयलर लागत नाही, गच्ची पुरते. आयआयटी मुंबईनं इतर संस्थांसोबत मुंबईतल्या गच्च्यांचा हिशोब मांडला होता, सुमारे १.७२ गिगावॅट बसू शकतात असं निघालं.

आमच्या सोसायटीत हा विषय दोन वर्षं मीटिंगमध्ये येतोय. वरच्या मजल्यावरचे म्हणतात, गच्ची गळेल. खालचे म्हणतात, लिफ्टचं बिल आम्ही का भरायचं? मागच्या रविवारी मी ॲडम्सची गोष्ट सांगितली. सेक्रेटरी काकांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, “ते सगळं ठीक आहे, पण पापड कुठे वाळवायचे?”