आईच्या नावाचे राजे



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक होती. बचत जमा झाली, हप्ते घेतले, वही मिटली आणि चहा यायला अजून वेळ होता. मी सहज विचारलं, "आईच्या आईचं नाव कुणाकुणाला माहीत आहे?" बऱ्याच जणींनी सांगितलं. मग विचारलं, "आणि तिच्या आईचं?" तेव्हा दोघीच उरल्या. वडिलांच्या बाजूचे आजोबा, पणजोबा मात्र बहुतेकींना पाठ होते, कारण ती नावं सातबाऱ्यावर आणि फेरफारात कुठं ना कुठं लिहिलेली आहेत. एक आजी म्हणाल्या, "माझ्या आजीला सगळी आक्काच म्हणायची. खरं नाव कुणी विचारलंच नाही."

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात होता. म्हणून आज तुम्हाला दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका राजघराण्याची गोष्ट सांगणार आहे. या घराण्यातल्या राजांची आठवण त्यांच्या बायकांनी आणि आयांनी जपली. सुरुवात आपल्या कोल्हापुरातूनच करू.

पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे, हे तुमच्यापैकी अनेकींना माहीत असेल. १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी, डॉ. सांकलिया आणि दीक्षित यांनी, तिथं खोदकाम केलं. जुन्या कोल्हापूरची घरं, भांडी, नाणी जमिनीखालून वर आली. समुद्रापलीकडून व्यापाऱ्यांबरोबर आलेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्तीही ब्रह्मपुरीतच सापडली. ती आपल्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. कोल्हापूरला कामाला गेलात तर वाट वाकडी करून बघून या.

पण मला सांगायचं आहे ते नाण्यांबद्दल. कोल्हापुरात शिशाची आणि मिश्रधातूची जी जुनी नाणी सापडली, त्यांवर एका बाजूला धनुष्यबाण आहे आणि भोवती राजाचं नाव. ही नावं अशी आहेत: वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर, गोतमीपुत विळिवायकुर. भाषा प्राकृत आहे, म्हणजे आपल्या मराठीची आजी. 'पुत' म्हणजे मुलगा. वासिष्ठीचा मुलगा, माठरीचा मुलगा, गौतमीचा मुलगा. यांत विळिवायकुर नावाचे दोन राजे आहेत, बघा. कोणता विळिवायकुर, हे आईच्या नावावरूनच कळतं. बाजारात हातोहात फिरणाऱ्या नाण्यावर राजाच्या नावाआधी त्याच्या आईचं नाव होतं!

गंमत म्हणजे त्याच सुमाराला इजिप्त देशात, अलेक्झांड्रिया शहरात, टॉलेमी नावाचा विद्वान जगाचा भूगोल लिहीत होता. त्याच्या ग्रंथात पैठणच्या पुळुमावी राजाचं नाव आहे आणि 'बालेओकुरोस' नावाच्या राजाचंही आहे. हा बालेओकुरोस म्हणजे आपला विळिवायकुर, असं अभ्यासक मानतात. इतक्या दूर राजाचं नाव पोचलं, पण आईचं पोचलं नाही. ते कळतं ते आपल्या मातीतल्या नाण्यांवरून.

आता या काळातल्या मोठ्या घराण्याकडे, सातवाहनांकडे जाऊ. त्यांची राजधानी पैठण. जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट त्यांच्या व्यापाराचा रस्ता. घाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं लोक सांगतात. तिथंच कातळात कोरलेली एक गुहा आहे. तिच्या मागच्या भिंतीवर पूर्वी सगळं राजघराणं ओळीनं कोरलेलं होतं. घराण्याचा मूळ पुरुष सिमुक, मग राणी नागणिका आणि राजा सातकर्णी, राजकुमार, आणि त्यांच्यात महारठी त्रणकयिर. हे महारठी म्हणजे नागणिकेचे वडील. आज त्या मूर्तींचे फार तर पाय उरलेत. पण डोक्यावर कोरलेली नावं बरीचशी वाचता येतात, म्हणून तर कोण कुठं उभं होतं ते कळतं.

हा एका अर्थानं घराण्याचा फोटोच. आपल्या घरी भिंतीवर सासऱ्यांचे, आजेसासऱ्यांचे फोटो असतात. सुनेच्या वडिलांचा फोटो सासरच्या भिंतीवर किती घरांत असतो? नागणिकेच्या माहेरचा माणूस मात्र त्या ओळीत होता.

बाजूच्या भिंतींवर मोठा लेख आहे. तो नागणिकेचा मानला जातो. त्यात अश्वमेध, राजसूय असे मोठमोठे यज्ञ आणि त्यांत दिलेली दक्षिणा नोंदलेली आहे: गाई, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण नावाची हजारो नाणी. आकडे अगदी आपल्या गटाच्या वहीसारखे एकापुढं एक मांडलेत. त्या काळी आकडे कसे लिहीत, हे शोधणाऱ्यांनाही हा लेख फार मोलाचा वाटतो. सातकर्णी किती थोर होता हे आपल्याला कळतं ते या हिशेबामुळं.

हा लेख राजा गेल्यानंतरचा. नागणिका तेव्हा विधवा होती. महिनामहिना उपास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखं जगणारी, असं तिचं वर्णन त्यात आहे. म्हणजे विधवेनं कसं राहावं याची बंधनं तेव्हाही होती. पण तिची ओळख तेवढीच नव्हती. ती कुणाची मुलगी, कुणाची बायको, कुणाची आई, हेही लिहिलं गेलं आणि घराण्याची नोंदही तिच्या नावाशी जोडली गेली. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ च्या मे महिन्यात विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मला नागणिका आठवली. नवरा गेला म्हणजे बाई पुसली गेली असं नाही, हे आपण आज ठरावानं सांगतोय. तिचं नाव नाणेघाटात दोन हजार वर्षं टिकून आहे.

आता नाशिकला जाऊ. तिथं पांडवलेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाचं लेणं एका आजीनं भिक्खूंना दान दिलं. तिचं नाव गौतमी बलश्री. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, सातवाहनांचा सर्वांत नावाजलेला राजा. त्यानं क्षत्रप नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथं चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त. नाणी नहपानाची, पण त्यांतल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राचा नवा शिक्का मारलेला. म्हणजे आईनं मुलाचं कौतुक केलं ते उगाच नाही.

बलश्रीनं हे लेणं दिलं ते नातवाच्या, म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, राज्याच्या १९व्या वर्षी. मुलगा तेव्हा हयात नव्हता. लेखात आईनं मुलाचं वर्णन केलंय ते ऐकण्यासारखं आहे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं, त्यानं शत्रूंचा बीमोड केला, हे तर आहेच. पण प्रजेचं सुखदुःख तो आपलं मानत होता, कर धर्मानं घेत होता, अपराधी शत्रूचाही जीव घ्यायची त्याला आवड नव्हती, आणि आईची सेवा त्यानं कधी चुकवली नाही, हेही तिनं कोरून ठेवलं. शेवटची गोष्ट आईशिवाय कोण सांगणार? स्वतःबद्दल ती सांगते की मी महाराजाची आई आणि महाराजाची आजी.

त्याच लेण्यात याआधीचा एक हुकूम आहे, राजा हयात असतानाचा. तो राजा आणि राजमाता अशा दोघांच्या नावानं निघालाय, गोवर्धनच्या सामक नावाच्या अमात्याला. विषय आपल्या ओळखीचा आहे, जमिनीचा. भिक्खूंना पूर्वी दिलेलं शेत पडीक आहे, ते गावही ओस पडलंय, तेव्हा शहराच्या शिवेवरची आमच्या मालकीची १०० निवर्तनं जमीन त्यांना द्या, असा तो हुकूम. निवर्तन हे तेव्हाचं जमिनीचं माप. म्हणजे राजमाता नुसती देवघरात बसलेली नव्हती. जमिनीच्या कागदावर तिचं पद होतं.

आता खरं तेही सांगायला हवं. आईचं नाव लावत होते म्हणून बायकांचं राज्य होतं, असं नाही. गादी मुलालाच मिळायची. गौतमी, वासिष्ठी ही नावं आईच्या माहेरच्या गोत्रावरून आलेली. राजाला अनेक राण्या असत, तेव्हा कोणत्या राणीचा मुलगा हे सांगायलाही ती उपयोगी पडत असतील. आणि नावं राहिली ती राण्यांची. त्यांच्या शेतात राबणाऱ्या बायांची नावं कुणी कोरली नाहीत. पण एवढं नक्की, की आईचं नाव लावलं तर आपला मान कमी होतो, असं त्या राजांना वाटलं नाही.

लिहिलेलं नाव खोडताही येतं. इजिप्तमध्ये सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी हत्शेपसुत नावाची राणी स्वतः राजा म्हणून गादीवर बसली. तिच्या मागं भिंतींवरचं तिचं नाव छिन्नीनं काढलं, पुतळे फोडले. पुढं कितीतरी शतकं ती जगाला माहीतच नव्हती. आपल्याकडं छिन्नी लागत नाही. नाव लिहिलंच नाही की काम होतं.

म्हणून आता आजचं बोलू. महाराष्ट्र शासनानं निर्णय केलाय की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लागेल. आपली नातवंडं आता पुन्हा गौतमीपुत्र होणार, आणि लेकीही! जन्माची नोंद करायला घरातला कोणी जाईल तेव्हा आईचं नाव बरोबर लिहिलंय का, ते बाईनं स्वतः बघावं. माहेरचं की सासरचं, 'सुनीता' की 'सुनिता', हे तिथंच नीट करून घ्या. पुढं शाळेच्या दाखल्यात, बँकेत तोच घोळ निस्तरत बसावं लागतं.

दुसरं, सातबारा. लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्यानं तलाठ्याकडं अर्ज दिला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. आमच्या बैठकीत हे सांगितलं की पहिल्यांदा हसायलाच येतं. "ताई, आमचं कुठलं नाव लावत्यात!" मी भांडायला सांगत नाही. या महिन्यात घरातला सातबारा एकदा स्वतः हातात घेऊन वाचा. कुणाची नावं आहेत, कुणाचं नाही, एवढं तरी बघा.

आणि तिसरं काम बिनखर्चाचं आहे. पुढच्या बैठकीत गटाच्या वहीचं शेवटचं पान मोकळं ठेवा. प्रत्येकीनं स्वतःचं, आईचं, आजीचं आणि आठवत असेल तर पणजीचं खरं नाव लिहायचं. आठवत नसेल तर माहेरी फोन लावायचा, म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. ती माणसं आहेत तोवरच हे कळणार आहे. त्या आजींनी पुढच्याच आठवड्यात भावाला विचारून आक्काचं नाव आणलं. चंद्राबाई. आमच्या वहीत ते पहिलं नाव आहे.

पुन्हा भेटू. नमस्कार.