कोरलेली अक्षरं, सुटी अक्षरं

बोलपट आल्यावर परदेशी प्रिंटवर उपशीर्षकं रसायनानं कोरली जात. ती पुसता येत नसत. 1990च्या दशकात डीव्हीडीनं ती सुटी केली खरी, पण मजकूर म्हणून नव्हे, चित्रं म्हणून. आजची अडचण तिथलीच. अनेक टीव्हींना ही चित्रं उमगत नाहीत; मग घरचा मीडिया सर्व्हर ती दृश्यावर छापतो आणि त्यापायी अख्खा सिनेमा नव्यानं एन्कोड करतो. म्हणजे पुन्हा कोरणीच! एसआरटी या उपशीर्षकांच्या सुट्या फाइलीत मात्र क्रमांक, ‘00:01:12,500’सारख्या वेळा आणि साधा मजकूर, बस्स. तो टीव्हीच दाखवतो, चित्रफितीला हात लागत नाही. चित्रात जोडाक्षरं शाबूत राहतात, हा आक्षेप रास्त आहे. काही टीव्ही देवनागरीची पार मोडतोड करतात. पण तो दोष त्या टीव्हीच्या अक्षरजुळणीचा, सुट्या मजकुराचा नव्हे.