पत्री, नाल आणि कुत्र्याचा पंजा

बैलाच्या खुराला पत्री, घोड्याच्या टापेला नाल, माणसाच्या पायाला वहाण. मराठीत या प्रत्येकासाठी वेगळा शब्द आहे. कुत्र्याच्या पंजासाठी नाही. तो शोधण्याची वेळ माझ्यावर आली जॅक लंडनच्या ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’मुळे (१९०३). क्लोंडाइकच्या सोन्यामागे माणसे धावत होती त्या काळातली ही गोष्ट. बक हा घरात वाढलेला कुत्रा, त्याचे पंजे मऊ. गाडीवान फ्रांस्वा स्वतःच्या पादत्राणांचे वरचे कातडे कापून त्याला चार ‘मोकॅसिन’ करून देतो. एके दिवशी ती घालायची राहतात, तर बक उताणा पडून चारी पाय हवेत हलवत राहतो, उठायला तयार होत नाही. या मोकॅसिनला मराठीत काय म्हणावे? वहाण उघडी असते, बूट फार ताठ वाटतो.

शब्दाची ही अडचण मला हळूहळू इतिहासाची वाटू लागली. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात कुत्रा गाडी ओढत असे, टपाल नेत असे. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा सुमारे १,०८५ किलोमीटर अंतरावरून प्रतिविष पोहोचवले ते २० गाडीवानांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी. तिथल्या इडिटारॉड शर्यतीत आजही प्रत्येक कुत्र्यामागे आठ मोजे बाळगावे लागतात. हे मोजे मुख्यतः थंडीसाठी नसतात. पंजाच्या गादीत धमन्या आणि शिरा अगदी लगटून असतात. खाली उतरणारे ऊन रक्त परत जाणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देते. जपानी संशोधकांनी २०११मध्ये ही रचना दाखवून दिली. खरा त्रास असतो तो गादी कापणाऱ्या कडक बर्फाचा आणि बोटांमधल्या केसांत धरणाऱ्या बर्फाच्या गोळ्यांचा. पाय सोलवटला तर कुत्रा थांबतो, आणि कुत्रा थांबला तर गाडी थांबते.

आपल्याकडे गाडी बैलाने ओढली, म्हणून पत्री आली. लढाई घोड्यावरून झाली, म्हणून नाल आली. कुत्रा धनगराच्या मेंढरांमागे, शेताच्या बांधावर आणि डोंगरवाटांवर अनवाणीच चालला. ‘कुत्र्याच्या पायाने जा आणि मांजराच्या पायाने ये’ असे आपण म्हणतो, त्यातही कौतुक आहे ते त्याच्या वेगाचे. ज्याच्या पायावाचून आपले अडते, त्याच्याच पायात आपण काही घालतो.

मान मात्र आपण कुत्र्याला भरपूर दिला. खंडोबाबरोबर कुत्रा, दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, काशीचा कोतवाल काळभैरव याचे वाहन कुत्रा. त्या काशीत मराठी माणसांनी घाट बांधले. बालाजी घाट पेशव्यांचा, पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेलेला. तिथल्या बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँ शहनाईचा रियाज करत. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात, गोदाकाठच्या कोपरगावचे नीळकंठ चतुर्धर काशीला येऊन राहिले आणि त्यांनी महाभारतावर ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली. कुत्र्याची सगळ्यात लांब पायपीट त्याच ग्रंथात आहे. महाप्रस्थानिक पर्वात तो हस्तिनापुरापासून पांडवांच्या मागे निघतो. हिमवान, मग वाळूचा समुद्र, मग मेरू. द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेत पडतात. तो मात्र चालत राहतो. त्याला सोडून रथात बसायला युधिष्ठिर नकार देतो. कुत्रा हा साक्षात धर्म होता, हे शेवटी कळते. पण हिमालय आणि वाळू तुडवणाऱ्या त्याच्या पायांचे काय झाले, हे पर्व सांगत नाही. देव झालेल्याचे पाय बघायची गरज कोणाला वाटली नसावी.

घाटावर बर्फ नाही, पण वैशाखातला दगड आहे. दुपारी पायऱ्या तापतात तेव्हा भाविक चप्पल शोधतात आणि कुत्री पाण्यालगतच्या ओल्या पायरीवर किंवा छत्रीच्या सावलीत सरकतात. पंजाची गादी जाड असते, तरी भाजते. परीक्षा सोपी आहे: तळहाताची मागची बाजू दगडावर टेकवावी. सात सेकंद धरवत नसेल, तर तो दगड कुत्र्याच्याही चालण्याजोगा नाही.

पाळलेल्या कुत्र्यांसाठी आता पुण्या-मुंबईत तयार बूट मिळतात. मनालीच्या सहलीसाठी लोक ते घेतातही. पंजाच्या मापाचे, घट्ट न बसणारे आणि घरात थोडे चालवून सवय केलेले असतील तर ते उपयोगी पडतात. घाटावरचा कुत्रा ते पायात ठेवणार नाही. त्याच्यासाठी पायरीवर ओतलेले बादलीभर पाणी आणि सावलीतून त्याला न हाकलणे एवढे पुरे. काळभैरवाच्या नावाने दूध-पोळी घालणाऱ्या हाताला हे जड नाही.

मोकॅसिनसाठी मी शेवटी ‘जोडे’ हा शब्द ठेवला. मराठीत तो आजवर माणसाच्याच पायात होता.