उलाळ

भाच्यानं दसऱ्याला नवी थार घेतली. फोर बाय फोर, डिझेल, काळी. रूपाभवानीला नारळ फोडला आणि गाडी थेट माझ्या दारात आणली. पेढा हातावर ठेवून खिशातून एक कागद काढला. "मामा, एवढं बसवून पायजे." कागदावर गाडीचं चित्र होतं. छपरावर उघडणारा तंबू, पुढं लोखंडी गार्ड, मागच्या दाराला दोन्हीकडं डिझेलचे कॅन, मागची सीट काढून तिथं पाण्याची टाकी आणि फ्रीज, आणि सगळ्याच्या शेवटी हूक. त्या हुकाला लहानशी कॅराव्हॅन लावायची आणि नवरा-बायकोनं सोलापूरहून हंपी, हंपीहून गोकर्ण, तिथून किनाऱ्या-किनाऱ्यानं मालवण गाठायचं.

मी सदतीस वर्षं पुणे नाक्याजवळ जीपगाड्यांच्या बॉड्या बांधल्या. कागद बघितला आणि म्हटलं, "पोरा, गाडी उलाळ होतीय."

"उलाळ म्हणजे?"

इंजिनिअर झालेला पोरगा, घरची शेती, आणि उलाळ ठाऊक नाही! त्याला जे तोंडी सांगितलं तेच इथं जरा नीट लिहितोय.

बैलगाडीला चाकं दोन आणि आस एक. साट्यावरचं ओझं आसेच्या मागं जास्त झालं की मागची बाजू बसते, धुरा वर उठते, जू मानेवरनं सुटू बघतं आणि गळ्याखालची जोती बैलाला आवळतात. ही गाडी उलाळ झाली. उलट ओझं पुढं गेलं तर सगळा भार मानेवर येतो आणि चार कोसांत बैलाचा खांदा सुजतो. दोन्हीच्या मधे एक जागा असते. तिथं जू मानेवर बसतं खरं, पण रुतत नाही. माझे आजोबा मोहोळ तालुक्यातल्या एका गावचे सुतार. गाडी भरून झाली की बैल जुंपायच्या आधी ते स्वतः जू एका हातानं उचलून बघायचे. जू सहज वर आलं तर म्हणायचे, "पोतं पुढं घे." दोन्ही हात लावावे लागले तर म्हणायचे, "माणूस मागं सरकव." त्यांच्याकडं दुसरं माप नव्हतं.

आषाढीच्या आधी पंधरा दिवस त्यांच्या दारात गाड्यांची रांग लागायची. आरे ढिले झालेले, तुंबे झिजलेले, धावा निखळायला आलेल्या. गोवऱ्यांच्या आरात धाव लाल करायची, चार माणसांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचं. लोखंड आकसताना सगळं चाक करकचून आवळलं जायचं. तो आवाज आणि ती वाफ मला अजून आठवते. मग साट्यावर कमानी करून तट्ट्या बांधायच्या, आत कडब्यावर वाकळ, एका अंगाला पिठाचे डबे, घागर, तवा, तीन दगडांऐवजी लोखंडी चूल. खाली आसेला कंदील आणि वंगणाचा नळा. म्हातारी माणसं, बाळंतीण, लेकरं आत. बाकीचे चालत. पंढरपूरला पोचेपर्यंत हेच घर.

या घराची खरी मेख होती कडब्यात. बैलांची वैरण मागं बांधायची, कारण दुसरीकडं जागाच नसायची. पहिल्या दिवशी ती वैरण गाडी उलाळ करायची, म्हणून धान्याची पोती पुढं. बैल रोज खात जायचे, मागचं ओझं रोज कमी व्हायचं आणि तिसऱ्या-चौथ्या मुक्कामाला तीच गाडी मानेवर जड व्हायची. म्हणून दर सकाळी सामान हलवून गाडी नव्यानं बांधायची. 'गाडी बांधणं' हा शब्द आमच्याकडं दोन्ही कामांना आहे, सुताराच्याही आणि प्रवाशाच्याही.

साहेबाची फिरतीही असाच संसार घेऊन निघायची. थंडीत जिल्ह्याचे इंग्रज अधिकारी महिनोनमहिने तंबूत काढत. तंबूंचे जोड दोन. एकात साहेब झोपलेला असताना दुसरा रातोरात गाड्यांवरून पुढच्या मुक्कामाला गेलेला. सोय उत्तम होती, पण ती दुसऱ्याच्या बैलांवर.

इथं एका इंजिनिअरचं नाव घ्यायलाच हवं, कारण उलाळीचा विचार त्यानं लोखंडात केला. आगगाडी सोलापूरला पोचली १८६० साली, पण बार्शी त्या वाटेवर नव्हती. बार्शीचा माल बैलगाडीनं कुर्डुवाडीला, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोड स्टेशनावर यायचा. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रजानं तिथं अडीच फुटी रूळ टाकले आणि १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढं ती १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरजेपर्यंत गेली. कॅल्थ्रॉपचं म्हणणं साधं होतं. एकूण ओझं किती हे नंतर विचारा, एका आसेवर किती ते आधी सांगा. त्यानं आकडा ठरवला पाच टन. इंजिन असो की डबा, कुठल्याही आसेवर त्याहून जास्त भार नाही. मग हलके रूळही पुरले आणि त्यावरून भरपूर माल गेला. माझ्या आजोबांनी त्याचं नाव ऐकलं असण्याची शक्यता नाही, पण दोघं एकाच शाळेतले.

मग जीप आली. महायुद्धातल्या जीपच्या मागं पाव टनी ट्रेलर असायचा. रिकामा साधारण २५० किलो आणि आडरानात त्यावर भारही जवळपास तेवढाच घालायची मुभा. लढाई संपल्यावर जुना लष्करी माल लिलावात निघाला. इकडं २ ऑक्टोबर १९४५ ला महिंद्रा अँड महंमद ही कंपनी निघाली. तिचे एक भागीदार मलिक गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झालं. विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जोडणी सुरू झाली. २ ऑक्टोबर १९५२ ला समूह विकास योजना आली आणि तिच्याबरोबर ब्लॉकची जीप खेड्यात शिरली. भाच्याच्या थारचं हे रूपही बाजारात आलं ते २ ऑक्टोबर २०२० ला. गांधीजी तर चालत फिरायचे, पण जीपवाल्यांनी त्यांची जयंती काही सोडलेली दिसत नाही.

सोलापुरात सरकारी जीप आणि तिचा ट्रेलर मी पहिल्यांदा जवळून पाहिला तो बाहत्तरच्या दुष्काळात. चौदा वर्षांचा होतो. खडी फोडायच्या कामावर एक जीप यायची, मागच्या ट्रेलरात पाण्याची पिंपं. ड्रायव्हर भरलेली पिंपं नेहमी ट्रेलरच्या पुढच्या अंगाला ठेवायचा आणि परतताना रिकामी मागं. मी कारण विचारलं तर म्हणाला, "उलाळ होतंय की." बैल गेले, इंजिन आलं, शब्द तोच राहिला.

एक शब्द मात्र नवा आला. बंद पडलेली गाडी दोरानं किंवा साखळीनं ओढून न्यायची, त्याला आम्ही 'टोचन' म्हणतो. 'टो' आणि 'चेन' मिळून झालेला हा शब्द इतका मराठी वाटतो की टोचण्याशी त्याचं नातं असेल असं पुष्कळांना वाटतं. आणि ज्याची गाडी टोचन होऊन गावात येते त्याला ते टोचतंही.

माझा धंदा बहरला तो वडापवर. कमांडर आणि ट्रॅक्स या लांब गाड्या आल्या आणि एस.टी.ची वाट बघणारा सगळा जिल्हा त्यांत बसला. नवी गाडी कंपनीतून आली की आधी आमच्याकडं. आतली सीट काढून दोन्ही अंगांना बाकं, वर अँगलचं कॅरिअर, मागं रुंद पायरी, कमानीला एक जादा पाटा, हूडला जाड ताडपत्री, सीटांना लाल रेक्झिन. आठ-दहा दिवसांचं काम. गिऱ्हाईक एकच सांगायचं, "मागं अजून चार बसले पायजेत." आणि आम्ही बसवायचो.

एकदा मी हद्द केली. तुळजापूर मार्गावरच्या एका गाडीची मागची पायरी वीतभर वाढवली आणि कॅरिअरही मागं काढलं. नवरात्रात गाडी खच्चून भरली. घाट चढताना वळणावर स्टिअरिंग हलकं झालं. ड्रायव्हर चाक वळवतोय आणि गाडी सरळच निघालीय. डोंगराच्या बाजूला घासून कलंडली. माणसं वाचली, दोघांचे हात मोडले. ड्रायव्हरनं मला शिव्या दिल्या नाहीत, एवढंच म्हणाला, "पुढची चाकं जमिनीवर हुती, पर जमिनीला धरत नव्हती." सुताराचा नातू मी! जादा पाटा घालून गाडीची मागची बाजू वर उचलली होती, त्यामुळं डोळ्यांना ती सरळ दिसत होती. पण पाटा वाढवला म्हणून आसेमागचं वजन पुढं सरकत नाही. दुसऱ्या दिवशी ती पायरी मी स्वतः कापून काढली.

आता असली कामं करताच येत नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमानं मालकाला गाडीत मनासारखा फेरफार करायला बंदी आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं पुढच्या लोखंडी गार्डांवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ रचनेला धक्का लावता येणार नाही असं स्पष्ट केलं. माझ्यासारख्या कितीतरी जणांची दुकानदारी त्यात बसली. वाईट वाटलं, पण चूक म्हणवत नाही. गार्डामुळं पायी चालणाऱ्याला मार जास्त बसतो आणि टक्कर झाल्यावर चुरडायची म्हणून केलेली पुढची जागा नीट चुरडत नाही.

म्हणून भाच्याच्या कागदावरचा गार्ड मी पहिल्यांदा खोडला. मग डिझेलचे कॅन. हंपीच्या रस्त्यावर पंप आहेत, हे काही कच्छचं रण नाही. छपरावरचा तंबूही खोडला. मागं झोपायची खोली ओढत नेणारा माणूस डोक्यावर दुसरी कशाला घेतो? सीट मूळच्या जागी परत. पाण्याची टाकी ट्रेलरात. हूक चेसिसला, बंपरला नाही, आणि लावण्याआधी ओढायच्या वजनाबद्दल कंपनीकडून लेखी घे म्हणालो. ट्रेलरची नोंदणी वेगळी होते, त्याचं पासिंगही करून घ्यायला लावलं. २०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते भाच्यानं मला मोबाइलवर वाचून दाखवलं. छान आहे. पण वजन कुठं ठेवायचं ते धोरणात कसं सापडणार?

कॅराव्हॅनचं गणित बैलगाडीचंच. आसेमागं जास्त भरलं की ट्रेलरचं तोंड हूक वर उचलतं, ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकांची पकड जाते आणि वेग वाढला की ट्रेलर डाव्या-उजव्या अंगाला झोकांड्या खायला लागतो. मग ब्रेक मारला तर दोन्ही गाड्या आडव्या. साधारण हिशेब असा, की भरलेल्या ट्रेलरच्या दहाव्या हिश्श्याएवढा भार हुकावर यावा. ते बघायला घरातला वजनकाटा पुरतो. त्यावर लाकडी ठोकळा ठेवून ट्रेलरचं तोंड टेकवायचं. आमच्या पहिल्या भरणीत एकूण वजन ६२० किलो आणि तोंडावर जेमतेम ३१. गॅसची टाकी, बॅटरी, खुर्च्या सगळं मागच्या कप्प्यात, कारण दार मागं. पाण्याची टाकी आसेच्या पुढं घेतली, बॅटरी तोंडाशी आणली. काटा ६० वर आला.

भाच्याला म्हटलं, "आता एका हातानं उचलून बघ." उचलेना. दोन्ही हात लावले तेव्हा हललं. आजोबांनी माणूस मागं सरकवायला सांगितलं असतं, पण इथं मान बैलाची नाही.

पाणी वाटेत संपत जाणार, कडब्यासारखं. म्हणून रोज सकाळी ठोकळा लावून बघायचं त्याच्याकडनं कबूल करून घेतलंय. तुम्हीही कुणी असली गाडी बांधणार असाल तर निघायच्या आधी एकदा भरल्या सामानासकट काट्यावर घाला. सोलापूर जिल्ह्यात राज्यातले सर्वांत जास्त साखर कारखाने आहेत, त्यामुळं उसाच्या वाटेवर वजनकाट्यांना तोटा नाही. फक्त गळीत हंगामात पहाटे जा, नाहीतर उसाच्या ट्रॅक्टरांमागं दुपार होते.