प्रकाशप्रक्षेपण, व्याख्यान व संगीत कार्यक्रमांतील

व्याख्यान, संगीतसभा व तत्सम सार्वजनिक कार्यक्रमांत पडद्यावर चित्रे पाडण्याचे व त्याच वेळी मंचावरील व्यक्तीला उजेडात ठेवण्याचे तंत्र. ही दोन्ही कामे प्रकाशाचीच असली, तरी त्यांच्या गरजा परस्परविरोधी आहेत. पडद्याला अंधार हवा असतो, तर वक्त्याला किंवा गायकाला उजेड. या विरोधाचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे : प्रक्षेपक काळा रंग पाडू शकत नाही. प्रक्षेपित चित्रातील काळा भाग म्हणजे ज्यावर प्रकाश पडलेला नाही असा पांढराच पडदा होय. सभागृहातील दिव्यांचा प्रकाश त्या भागावर पडला की काळे करडे होते आणि चित्र फिकट दिसते. शिवाय चित्राची रुंदी व उंची चौपट केली, तर तोच प्रकाश सोळापट क्षेत्रफळावर पसरतो. श्रोतृसमुदाय वाढला की मोठा पडदा आणि मोठ्या पडद्यासाठी कितीतरी प्रखर दिवा, अशी निकड या तंत्राच्या इतिहासात वारंवार उत्पन्न झालेली दिसते.

जादूचा कंदील : दिवा, अंतर्वक्र आरसा, रंगविलेली काच आणि भिंगे यांचा बनलेला जादूचा कंदील हा सर्व प्रक्षेपकांचा पूर्वज. डच शास्त्रज्ञ क्रिस्तीआन हायगेन्झ (१६२९–९५) यांनी १६५९ मध्ये त्यासाठी काढलेली सांगाड्याची रेखाटने उपलब्ध आहेत. त्यांत सांगाडा स्वतःची कवटी काढून हातात घेताना दिसतो. शनीच्या कड्याचे स्वरूप उलगडणाऱ्या या विद्वानाला आपले हे खेळणे कमीपणाचे वाटत असे. १६६२ मध्ये त्यांच्या वडिलांनी फ्रान्सच्या राजदरबारात दाखविण्यासाठी असा कंदील मागविला, तेव्हा हायगेन्झ यांनी भावाला पत्र लिहून त्यातील एक भिंग काढून टाकण्यास सुचविले. कंदील चालू नये, एवढाच त्यामागील हेतू होता. डॅनिश गणितज्ञ टोमास व्हालगेनस्टेन यांना असा संकोच नव्हता. त्यांनी यूरोपातील शहरांत या कंदिलाचे खेळ करून दाखविले. आतानाझिउस किर्खर यांच्या ग्रंथाच्या १६७१ च्या आवृत्तीत या साधनाची आकृती आहे. परंतु तीत रंगविलेली काच भिंगाच्या पुढे दाखविली आहे आणि तशा रचनेने स्पष्ट चित्र पडणे शक्य नाही.

तेलाच्या दिव्याचा उजेड अगदीच मंद असल्यामुळे शंभर वर्षांहून अधिक काळ हा कंदील लहान खोलीपुरताच राहिला. १७८० नंतर आर्गां यांच्या पोकळ वातीच्या दिव्याने त्यात सुधारणा झाली. तिचा लाभ घेऊन एत्येन-गास्पार रोबेर ऊर्फ रॉबर्टसन (१७६३–१८३७) यांनी पॅरिसमध्ये १७९८ पासून व पुढे तेथील एका ओसाड कॅप्युशिन मठात भुतांचे खेळ सुरू केले. मेण लावलेल्या कापडाच्या मागे चाकांवरचा कंदील पुढेमागे सरकवीत. त्यामुळे आकृती वाढत वाढत प्रेक्षकांच्या अंगावर येत असल्याचा भास होई. साथीला काचेच्या भांड्यांवर वाजणारे हार्मोनिका हे वाद्य असे. काचेवरील आकृतीभोवतीचा सर्व भाग काळ्या रंगाने झाकलेला असल्यामुळे पडद्याची कड दिसत नसे आणि आकृती अंधारात तरंगू लागे. अंधार हा केवळ उजेडाचा अभाव नसून चित्राचाच एक भाग आहे, हे रॉबर्टसन यांनी पुरते ओळखले होते.

लाइमलाइट : ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या मिश्र ज्योतीत चुन्याचा खडा तापविला असता तो पांढराशुभ्र प्रकाश देतो. गोल्ड्सवर्दी गर्नी यांच्या प्रयोगांतून पुढे आलेला हा प्रकाश टॉमस ड्रमंड यांनी १८२५ च्या सुमारास आयर्लंडच्या भूमापनात दूरच्या डोंगरांवरून खूण दिसावी म्हणून वापरला. १८३७ मध्ये तो लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात आला. एकाच नटावर झोत टाकून इतरांना सौम्य उजेडात ठेवणे त्यामुळे सहज शक्य झाले. प्रसिद्धीच्या झोतात येणे या अर्थी ‘लाइमलाइट’ हा शब्द आजही वापरला जातो. चुन्याच्या खड्याचे मात्र सहसा कोणाला स्मरण नसते.

याच प्रकाशाने व्याख्यानाचे रूप पालटले. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनमध्ये (स्थापना १८३८) एका चित्रातून दुसरे चित्र हळूहळू उमलविण्याचे खेळ शास्त्रीय व्याख्यानांच्या जोडीने होत. १८५० मध्ये फिलाडेल्फियाच्या लँगेनहाइम बंधूंनी काचेवरील छायाचित्रांचे एकस्व घेतले आणि कंदिलातून कल्पित भुतांऐवजी प्रत्यक्ष जग पडद्यावर येऊ लागले. वार्ताहर जेकब रीस यांनी १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या गलिच्छ वस्त्यांची छायाचित्रे दाखवून व्याख्याने दिली. पुढे काँगोमध्ये बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या अमलाखाली हात तोडलेल्या माणसांची छायाचित्रे ॲलिस सीली हॅरिस व त्यांचे पती जॉन हॅरिस यांनी इंग्लंडमधील सभांत दाखविली. वर्तमानपत्रातील मजकूर वाचून स्वस्थ राहणारा माणूस अंधाऱ्या सभागृहात मोठ्या पडद्यावरील चित्राकडे पाठ फिरवू शकत नसे. कलेतिहासकार हाइन्रिख व्हल्फ्लिन यांनी दोन प्रक्षेपकांनी दोन चित्रे शेजारी शेजारी दाखवून तुलना करण्याची पद्धत रूढ केली. एका विद्याशाखेची विचारपद्धतीच त्यामुळे घडली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या प्रखर प्रकाशाचे मोल अनेकांनी प्राणांनी चुकविले. वायू रबरी कापडाच्या पिशव्यांत भरून, वर वजने ठेवून ते दाबाखाली दिव्याकडे पाठवीत. वजन सरकले किंवा वायूंची मिसळ झाली की स्फोट होई. ४ मे १८९७ रोजी पॅरिसमधील बाझार द ला शारिते या धर्मादाय जत्रेत चलच्चित्राच्या प्रक्षेपकासाठी ईथर व ऑक्सिजन यांचा दिवा वापरला होता. दिव्यात ईथर भरताना त्याच्या वाफेने पेट घेतला आणि लाकूड व कापडाचा मंडप काही मिनिटांत भस्मसात झाला. सु. सव्वाशे माणसे मरण पावली; त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या.

महाराष्ट्रातील एक प्रयोग येथे नमूद करणे अगत्याचे आहे. कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. मायावी शंबरासुरावरून हे नाव घेतले होते. निरनिराळ्या आविर्भावांतील रंगीत काचचित्रे क्रमाने दाखवून त्यांनी व त्यांच्या पुत्रांनी पौराणिक कथांतील पात्रांना हालचाल दिली; जोडीला निवेदन व संगीत असे. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूम्येअर बंधूंची चलच्चित्रे ७ जुलै १८९६ रोजी प्रथम दाखविण्यात आली. त्यापूर्वीच मराठी प्रेक्षकाला हलत्या चित्रांची ओळख झालेली होती.

विजेचे दिवे व अंधारे प्रेक्षागार : विद्युत् प्रज्योत पॅरिसच्या ऑपेरात १८४९ मध्येच सूर्योदयाच्या दृश्यासाठी वापरली गेली. परंतु नाट्यगृहे दीर्घकाळ गॅसवरच अवलंबून होती. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाच्या रिंगथिएटरमध्ये गॅसच्या दिव्यांमुळे लागलेल्या आगीत शेकडो प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्याच महिन्यात लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहाच्या रंगमंचावर स्वान यांचे विजेचे दिवे लागले. नव्या दिव्याविषयीची लोकांची भीती घालविण्यासाठी नाट्यगृहाचे चालक रिचर्ड डॉइली कार्ट यांनी पेटता दिवा तलम कापडात गुंडाळून सर्वांदेखत फोडला आणि कापडाला डागही पडला नसल्याचे दाखविले.

प्रेक्षागारात अंधार करण्याची प्रथा मात्र केवळ यांत्रिक सोयीतून आलेली नाही. रिखार्ट व्हाग्नर यांनी १८७६ मध्ये बायरॉइट येथे प्रेक्षागार अंधारे केले, वाद्यवृंद दृष्टीआड बसविला आणि आकाशातून दौडणाऱ्या व्हाल्किऱ्यांसाठी जादूच्या कंदिलाचा उपयोग केला. तोपर्यंत संगीतिकेला येणारे प्रतिष्ठित लोक एकमेकांना पाहण्यासाठीही येत. यापुढे त्यांना मंचाकडेच पाहणे भाग पडले. स्विस रंगतज्ज्ञ आडॉल्फ आप्या यांनी संगीताच्या लयीबरोबर बदलणारा प्रकाश हे नाट्याचे स्वतंत्र अंग मानले. समोरून येणारा सपाट उजेड चेहऱ्याचा उठाव नाहीसा करतो. म्हणून दोन्ही बाजूंनी, तिरप्या दिशेने, एकीकडून उबदार व दुसरीकडून शीतल छटेचा प्रकाश टाकण्याची रीत अमेरिकेतील स्टॅन्ली मकँडलेस यांनी १९३२ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. पडदा असलेल्या मंचावर तिचा आणखी एक उपयोग होतो : बाजूने आलेला प्रकाश वक्त्याला उजळतो व मागील पडद्यावर थोडाच सांडतो.

संगीतातच प्रकाशाचे सूर मिळविण्याचा प्रयत्न रशियन संगीतकार अलेक्सांद्र स्क्र्याबिन (१८७२–१९१५) यांनी ‘प्रमीथियस’ (१९१०) या रचनेत केला. तिच्या स्वरलिपीत प्रकाशवाद्यासाठी स्वतंत्र ओळ आहे. मॉस्को येथील १९११ च्या पहिल्या प्रयोगात हे वाद्य वापरता आले नाही. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये १९१५ साली रंग दिसले, पण एका लहान पडद्यावर. श्रोत्यांनाही रंगांच्या प्रकाशात न्हाऊ घालण्याची मूळ कल्पना दूरच राहिली. टॉमस विल्फ्रेड यांनी १९२२ पासून आपल्या क्लॅव्हिलक्स यंत्रावर प्रकाशाच्या मैफली केल्या. प्रकाशाला संगीताच्या आधाराची गरज नाही, असे त्यांचे मत होते.

चेकोस्लोव्हाकियातील आल्फ्रेड राडोक व योसेफ स्व्होबोडा यांनी १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात ‘लातेर्ना मागिका’ सादर केले. त्यात जिवंत नट व चित्रपटातील व्यक्ती एकाच मंचावर एकमेकांशी व्यवहार करीत. एका दशकानंतर न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या सभागृहात (१९६८–७१) रॉक संगीताच्या वेळी जोशुआ लाइट शो हा गट पडद्याच्या मागून चित्रे पाडीत असे. उथळ काचपात्रात रंगीत तेल व पाणी हलवून ते डोक्यावरून प्रक्षेपण करणाऱ्या यंत्रावर ठेवीत. वादकांच्या ठेक्याबरोबर हात चालत असल्यामुळे हे कलावंतही एका अर्थी वादकच होते आणि कोणतेही दोन कार्यक्रम सारखे होत नसत. यातील यंत्र महायुद्धकाळात सैनिकी प्रशिक्षणासाठी वापरात आलेले, वर्गखोलीच्या उपयोगाचे होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

व्याख्यान व व्यावसायिक निवेदन : या क्षेत्रात कोडॅकचा गोल तबकडीचा स्लाइड प्रक्षेपक १९६१ पासून सर्वत्र पसरला; त्याचे उत्पादन २००४ मध्ये थांबले. १९८७ मध्ये पॉवरपॉइंट ही संगणकीय प्रणाली बाजारात आली. प्रारंभी तिच्यावर केवळ छपाईसाठी पारदर्शिका तयार करीत. संगणक थेट प्रक्षेपकाला जोडण्याची सोय पुढे झाली. चित्रे तयार करणे इतके सोपे झाले, की सांगण्याजोगे काही आहे की नाही याचा विचार मागे पडला. काचचित्र बनविण्यास श्रम व पैसा लागे, तेव्हा व्याख्याता वीसच चित्रे निवडून आणी आणि प्रत्येकावर बोले. आता पडद्यावर वाक्ये येऊ लागली आणि वक्ता ती वाचून दाखवू लागला.

याचा परिणाम केवळ कंटाळवाण्या सभांपुरता नाही. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया या अवकाशयानाच्या उड्डाणाच्या वेळी बाह्य टाकीवरील फेसाचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. हानीच्या अंदाजाविषयी अभियंत्यांनी व्यवस्थापकांना पडद्यावर जी पृष्ठे दाखविली, त्यांतील एका पृष्ठाचा मथळा धीर देणारा होता. आदळलेल्या तुकड्याचे अनुमानित घनफळ १,९२० घन इंच व चाचण्यांत वापरलेल्या तुकड्याचे केवळ ३ घन इंच, ही निर्णायक गोष्ट त्याच पृष्ठाच्या तळाशी लहान अक्षरांत होती. १ फेब्रुवारी रोजी यान परतताना भंगले व कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मरण पावले. चौकशी मंडळाने अपघाताची कारणे सांगताना तांत्रिक अहवालाऐवजी अशी पृष्ठे वापरण्याच्या प्रथेवर स्पष्ट शब्दांत ठपका ठेवला.

प्रकाश देणारा पडदा : चलच्चित्राचे थेट व मोठे प्रक्षेपण करणारे आयडोफोर हे यंत्र झुरिक येथे फ्रिट्स फिशर यांनी १९३९ नंतर विकसित केले. त्यात इलेक्ट्रॉन शलाकेने तेलाच्या पातळ थरावर सूक्ष्म सुरकुत्या पाडून प्रखर दिव्याचा प्रकाश वळवीत. १९८७ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी सूक्ष्म आरशांची अर्धसंवाहक चकती बनविली आणि लहान आकाराचे प्रखर प्रक्षेपक शक्य झाले. मंचावरील दिव्यांतही याच काळात पालट झाला. संगणकाच्या आज्ञेने दिशा व रंग बदलणारे दिवे जेनेसिस या गटाच्या १९८१ च्या दौऱ्यात दिसले आणि १९८६ मध्ये डीएमएक्स ५१२ ही नियंत्रणाची प्रमाणपद्धती ठरल्यावर निरनिराळ्या उत्पादकांचे दिवे एकाच फलकावरून चालविता येऊ लागले.

मूळ विरोध मात्र प्रक्षेपकाने सोडविला नाही. तो सैल झाला प्रक्षेपकाविना. १९९३ मध्ये जपानमध्ये प्रखर निळा प्रकाश देणारा द्विप्रस्थ (एलईडी) तयार झाला. या संशोधनासाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लाल, हिरव्या व निळ्या द्विप्रस्थांची भिंत स्वतःच प्रकाशते आणि विझलेला भाग खरोखर काळा राहतो. त्यामुळे ती दिवसाउजेडीही दिसते. आयरिश गट यूटूच्या १९९७ च्या दौऱ्यात अशी सु. ५० मी. रुंदीची भिंत होती. लास व्हेगास येथे २०२३ मध्ये उघडलेल्या स्फिअर या सभागृहात तर अशा भिंतीने श्रोत्यांच्या भोवती व डोक्यावर सु. १५,००० चौ. मी. क्षेत्र व्यापले आहे. यातून नवी अडचण उद्भवली. भिंत इतकी तेजस्वी असते, की तिच्यापुढील माणूस काळी आकृती होऊन बसतो. त्याला पुन्हा वर आणण्यासाठी आणखी प्रखर झोत टाकावे लागतात. हजारो श्रोते मग समोर उभ्या असलेल्या गायकाऐवजी त्याचे चित्रच पाहतात.

हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीत प्रकाश सहसा स्थिर व सौम्य ठेवतात आणि श्रोत्यांच्या बाजूसही थोडा उजेड राखतात. गायकाला श्रोत्यांचे चेहरे, त्यांची दाद दिसणे आवश्यक असते. बायरॉइटचा अंधार येथे उपरा ठरतो. मोठ्या मंडपांतील महोत्सवांत दूरच्या श्रोत्यांसाठी पडदे लावले जातात आणि सारंगीवादकाची नखे किंवा तबलजीची बोटे कधी नव्हे इतक्या जवळून पाहावयास मिळतात. तथापि ध्वनी सेकंदाला सु. ३४० मी. जातो. त्यामुळे मंचापासून ७० मी. दूर बसलेल्यास मंचाजवळच्या ध्वनिवर्धकातील आवाज सु. एक पंचमांश सेकंद उशिरा ऐकू येतो. पडद्यावरील चित्र त्याआधी पोचले, तर बोट तबल्यावर आधी पडते व बोल मागून येतो. म्हणून मागील ध्वनिवर्धकांचा विलंब आणि चित्राचा विलंब यांची जुळणी कार्यक्रमापूर्वी, रिकाम्या मंडपात, एखादी थाप वाजवून करून घ्यावी लागते.