त्वचेची साक्ष आणि औषधाचें मौन

सोलापुरास अक्कलकोट रोडवर एम. आय. डी. सी.ची वसाहत आहे. तेथील यंत्रमागांवर चादरी व टॉवेल विणले जातात. तेथें काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी बारमाही शिंकांनीं बेजार झाला होता, म्हणून त्यानें हातावर ॲलर्जीची चांचणी करवून घेतली. एकही गांध उठली नाहीं. "गुरुजी, मला कसलीच ॲलर्जी नाहीं म्हणे!" तो खिन्नपणें म्हणाला. मीं खोदून विचारिलें तेव्हां कळलें कीं, आदल्या रात्रींपर्यंत तो सर्दीची गोळी घेत होता. आणि ती गोष्ट त्यास कोणीं विचारली नव्हती, त्यानेंही सांगितली नव्हती.

एवढ्याशा गोळीनें चांचणी कां फसावी, याचें उत्तर इतिहासांत आहे.

मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरास दर उन्हाळ्यांत शिंकांचा त्रास होई. त्यानें स्वतःचीच त्वचा खरवडून तीवर गवताचे परागकण लाविले. ती जागा खाजून सुजली. आपले प्रयोग त्यानें १८७३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. 'ॲलर्जी' हा शब्द मात्र व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यानें १९०६ सालीं बनविला. पुढें लंडनच्या थॉमस लुईस यानें १९२७ च्या ग्रंथांत दाखविलें कीं, त्वचेंत हिस्टामीन हें द्रव्य टोंचलें तरी तशीच लाली व तशीच गांध उमटते. म्हणजे गांध उठविणारा प्रत्यक्ष पराग नव्हे. पराग आला असतां त्वचेंतील पेशी जें हिस्टामीन सोडतात, त्याचा तो मुख्यत्वें प्रताप!

१९३७ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत डॅनिएल बोव्हे व ॲन-मारी स्टाउब यांनीं हिस्टामीनला अडविणारें द्रव्य शोधिलें. बोव्हे यांस १९५७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आजच्या सर्दीच्या अनेक गोळ्या त्याच कुळांतील आहेत. जें औषध शिंक अडवितें, तेंच गांधही अडवितें.

यासाठींच चांचणींत एके ठिकाणीं हिस्टामीनचा व दुसरीकडे साध्या क्षारजलाचा थेंब लावून टोंचतात, आणि पंधरा-वीस मिनिटांनीं पाहतात. हिस्टामीनचीच गांध उठली नाहीं, तर निकाल 'नाहीं' असा नव्हे, 'सांगतां येत नाहीं' असा समजावा. म्हणून सेटिरिझीनसारख्या गोळ्या सामान्यतः आठवडाभर आधीं थांबवावयास सांगतात. नैराश्यावरील अमिट्रिप्टिलीनसारखीं कांहीं औषधें आणि त्याच जागीं लाविलेलें स्टेरॉइडचें मलमही गांध दडपतें.

सर्व चांचण्यांस मात्र एकच नियम लागत नाहीं. १९५६ सालीं पुण्याहून ज्याची नोंद प्रसिद्ध झाली, त्या गाजरगवतानें होणारा इसब पाठीस दोन दिवस पट्टी चिकटवून तपासतात. तेथें सर्दीच्या गोळीचा अडसर फारसा नसतो. स्टेरॉइडचा मोठा असतो.

तथापि कोणतेंही औषध आपण होऊन बंद करूं नये. दम्याचें वा मनाचें तर मुळींच नाहीं. घेत असलेल्या सर्व औषधांची यादी, खोकल्याच्या बाटलीसुद्धां, डॉक्टरांपुढें ठेवावी आणि तेच ठरवितील तसें करावें.

माझ्या विद्यार्थ्यानें तसेंच केलें. दुसऱ्या खेपेस धुळींतील सूक्ष्म किडीच्या थेंबाखालीं ठसठशीत गांध उठली. साक्षीदार खोटा नव्हता. त्याचें तोंड तेवढें बांधलें होतें.