सात दिवस कोणी मोजायचे?

तीन दिवस बाजूला, चौथ्या दिवशी न्हाणं, हा हिशोब आपल्या आज्ज्यांना तोंडपाठ होता. यहुदी बायकांचाही असाच एक हिशोब आहे, फार जुना आणि आजही चालू असलेला. कोकणातल्या ज्या बेने इस्राएलांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली म्हणत, त्यांचाच हा धर्म. हा हिशोब कोणी ठरवला आणि कोणाच्या हाती राहिला, ते आज सांगतो.

आधी एक फरक. यहुदी कायद्यात पाळीच्या बाईला चूल बंद नाही. ती स्वयंपाक करते, घरभर वावरते. बंदी आहे ती नवरा-बायकोने एकमेकांना शिवण्यावर.

तोराह या मूळ धर्मग्रंथात दोन नियम आहेत. नेहमीची पाळी असेल तर सुरुवातीपासून सात दिवस. अवेळी रक्त बरेच दिवस गेलं, तर ते थांबल्यावर सात स्वच्छ दिवस. आता कुठलं रक्त पाळीचं आणि कुठलं अवेळचं, हे ठरवणं अवघड. तालमूद या ग्रंथात रब्बी झेरा सांगतात की यावर बायकांनीच तोड काढली: मोहरीएवढा डाग दिसला तरी सात स्वच्छ दिवस मोजायचे. म्हणजे आज पाळला जाणारा कडक नियम बायकांनी स्वतःहून घेतला, अशी परंपरेचीच नोंद आहे.

आता मोजणी. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. समजा, सोमवारी दुपारी पाळी आली. युरोपातल्या अश्केनाझी रिवाजाप्रमाणे किमान पाच दिवस थांबायचं. शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी स्वच्छ पांढऱ्या कापडाने आतून तपासायचं. रक्त नसेल तर शनिवार हा पहिला स्वच्छ दिवस. रोज सकाळी आणि मावळतीआधी तपासणी. पुढच्या शुक्रवारी सात दिवस भरतात आणि रात्री मिकवेत, म्हणजे पावसाच्या किंवा झऱ्याच्या पाण्याच्या कुंडात, डोक्यासकट बुडी मारायची. मध्ये रक्त दिसलं तर सात दिवस पुन्हा पहिल्यापासून. सोमवारी पाळी सूर्यास्तानंतर आली असती, तर तो मंगळवार धरला असता. सेफार्दी यहुद्यांपैकी अनेकजणी पाचाऐवजी चार दिवस थांबतात.

ही मोजणी दुसरं कोणी करत नाही. तोराह सांगते की बाईने स्वतः मोजावं. त्यावरून तालमूदने काढलं की तिचा शब्द खरा मानायचा.

पण सगळ्याजणी निमूट ऐकत होत्या असं नाही. बाराव्या शतकात इजिप्तमधल्या अनेक यहुदी बायकांनी सात दिवस मोजणं आणि कुंडात उतरणं सोडलं होतं. दुसऱ्या बाईकडून अंगावर पाणी ओतून घेतलं की झालं. फक्त मूळ तोराह मानणाऱ्या कराईट पंथाची ही रीत. ११७६ साली थोर पंडित मायमोनिडीस आणि त्यांच्या सोबतच्या धर्मगुरूंनी हुकूम काढला: असं करणारीने केतुबा, म्हणजे लग्नाच्या करारात नवऱ्याने कबूल केलेली रक्कम, गमवावी. बाईचा शब्द खरा मानणारा कायदा इथे तिच्या पोटावर आला.

आज प्रश्न वेगळे आहेत. पाच आणि सात मिळून बारा दिवस होतात. ज्यांचं पाळीचक्र लहान, त्यांचं बीज बुडीच्या रात्रीआधीच सुटून जातं आणि मूल राहत नाही. तांबीच्या डागांनी मोजणी पुन्हापुन्हा मोडते. पूर्वी शंका आली की डागाचं कापड नवऱ्याच्या हाती रब्बींकडे जाई. लाजेने कितीजणी विचारतच नसत आणि गरज नसताना दिवस वाढवत. म्हणून जेरुसलेमच्या निशमत या संस्थेने १९९७ साली बायकांनाच हा कायदा आणि स्त्री-आरोग्य शिकवायला सुरुवात केली. त्या फोनवर उत्तरं देतात: हा डाग मोजायचा की नाही, डॉक्टरकडे कधी जायचं.

नियम पाळावा की सोडावा, हे ज्यांचं त्यांनी ठरवावं. पण आपल्या अंगाबद्दलचा प्रश्न बाईला बाईपाशी मोकळेपणी विचारता यावा, यासाठी इतकी शतकं जावी लागली. आपल्या घरातल्या मुलींना तरी एवढी वाट पाहायला लावू नये.